उंदीर कुठला, अळंबी कुठली

लाडलेसाब लाकडाला आधी हात लावत नसत, नाक लावत. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाशी उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि बाजारात एखादी बाई खरबूज हुंगून घेते तसं लाकूड हुंगायचे. मग दुसऱ्या टोकाला जाऊन ओंडक्याला कान टेकायचे आणि मला सांगायचे, "मार, मुन्शी." मी या टोकाला चिंचेच्या लाकडाचा ठोकळा मारायचा. ते ऐकायचे. पुन्हा म्हणायचे, "मार. जीव काढून मार. सासुरवाडीचं लाकूड न्हाई ते." माझं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

एवढं झालं की ओंडक्याबद्दल ते एकच शब्द बोलत. 'चांगलं', 'उंदीर' किंवा 'अळंबी'. तो शब्द मी वहीत लिहायचा. माझी नोकरी एवढीच होती, आणि तीही मी नीट केली नाही.

गेल्या महिन्यात नातवाने एका शाळेच्या हीरक महोत्सवाची स्मरणिका आणून दिली. गुळगुळीत कागद, पहिली चार पानं पुढाऱ्यांच्या फोटोंची, मग शाळेचा इतिहास. त्यात एक वाक्य आहे. शाळेची पहिली इमारत 'वखारीवरील एका रझाकारी वृत्तीच्या चौकीदाराने मुद्दाम सडके लाकूड पाठविल्यामुळे' कोसळली. चौकीदाराचं नाव दिलेलं नाही. नाव देण्याची कोणाला गरजही वाटली नाही. मी स्मरणिका मिटून बाजूला फेकली तेव्हा नातवाला वाटलं, वयामुळे चिडचिड होते. त्र्याऐंशी पूर्ण झाली आहेत, पण ते कारण नव्हतं. राग आला होता. ज्याने हे छापलं त्याचा आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण ते वाक्य त्याचं नाहीच. साठ वर्षांपूर्वी मी ते सरकारी कागदावर तयार करून ठेवलं होतं. त्या बिचाऱ्याने उतरवून घेतलं.

त्या चौकीदाराचं नाव लाडलेसाब. शाळेच्या गावाचं नाव मी लिहीत नाही, त्या गावाने त्या छताखाली पुरेसं सोसलं आहे.

भालकीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर सरकारी लाकडाची वखार होती. आज तिथे वखार नाही आणि जंगलही नाही. मी बाविसाव्या वर्षी तिथे मुन्शी म्हणून लागलो. शिक्षण उर्दूत झालेलं, घरी अर्धी कानडी अर्धी मराठी, अप्पांचं भालकीत किराणा दुकान. हैदराबाद संस्थानात पोलीस अॅक्शन होऊन वर्ष झालं होतं. निजामाच्या वेळचे अधिकारी गेले होते, नवे येत होते आणि माझ्यासारखे तात्पुरते कारकून कायमच्या हुकमाची वाट बघत होते.

लाडलेसाब तेव्हा पन्नाशीचे. काटक बांधा, मेंदी लावलेली दाढी, उजव्या करंगळीचं एक पेर करवतीत गेलेलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. वखारीत त्या वेळी दोन पावसाळे पडून राहिलेला सागवान होता. रझाकारांच्या धुमाकुळात तो उचलायला कोणी आलं नाही, आणि पोलीस अॅक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं त्यात उचलणारे पळून तरी गेले किंवा मेले तरी. लाडलेसाबांचा धाकटा भाऊ त्या दिवसांत शेताकडे गेला तो परत आला नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी परीक्षा घेतली. हातभर लांबीचे दोन तुकडे पुढे टाकले. एक कुरतडलेला, ओबडधोबड, बघवत नव्हता. दुसरा सरळ, गुळगुळीत, पाटासारखा.

"तुझ्या अप्पाच्या घराला तुळई घालायची हाय. कुठलं घेशील?"

मी गुळगुळीत तुकडा उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि मोडला. आवाजही झाला नाही. वाळक्या भाकरीसारखे दोन तुकडे झाले.

"पडलं अप्पाच्या डोक्यावर माळवद," ते म्हणाले. "आता बारा दिवस सुतक पाळ, मग कामाला ये."

मग जवळ बसवून समजावलं. "हे कुरतडलेलं बघ. ही दोन दोन रेघांची जोडी दिसायली का? उंदराचे दात. कुठनं आला, कुठं बसला, कुठनं गेला, समदं लिहून ठिवलंय त्यानं. वरचं चार बोटं खाल्लं, आतला गाभा तसाच हाय. रंधा मार आन् कामाला घे. आन् ही अळंबी. ही चावत न्हाई, बोलत न्हाई. वरचं कातडं तसंच ठिवती आन् आत बसून जेवती. तिचा कान भाईर आला का समजायचं, जेवण उरकलं."

पावसाळ्यात ओल्या ओंडक्यांच्या अंगावर कानाच्या पाळीसारखी, तपकिरी, कडक अळंबी उगवते, तिला ते कान म्हणत. लबाड गिऱ्हाईक तो कान मोडतं, जागा घासतं, वर जवसाचं तेल चोळतं. मग लाकूड नव्या नवरीसारखं दिसतं. म्हणून लाडलेसाब डोळ्यांवर विश्वास ठेवत नसत. आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. चांगली तुळई मोडायच्या आधी ओरडते, कुरकुरते, माणसाला पळायला वेळ देते. उंदराने खाल्लेलीही ओरडते. अळंबीची ओरडत नाही.

वखारीतला उंदीर घरातल्यासारखा काळा नव्हता. तांबूस पाठ, पांढरं पोट, मोठे कान, असा रानउंदीर होता तो. जंगलातून ओंडक्यांबरोबर यायचा आणि थप्प्यांत राहायचा. एकदा गाड्या भरायच्या थप्पीखाली लाडलेसाबांना घरटं दिसलं. सालीच्या सुतात पाच लालभडक पिलं. त्यांनी गाडीवाल्यांना दुसरी थप्पी दाखवली. शाळा-चावड्यांची बांधकामं घेणारा एक गुत्तेदार तिथे उभा होता. तो म्हणाला, "चाचा, सरकारनं ही वखार काढलीय का उंदराच्या बाळंतपणाला?"

"चार दिसांनी या अण्णा," लाडलेसाब म्हणाले. "बाळंतीण तुमचं लाकूड घेऊन कुठं पळून जायलीय?"

गाडीवाले हसले. गुत्तेदार हसला नाही.

त्या दिवशी मी सहज विचारलं, "चाचा, दोघांत जास्त वाईट कोण? उंदीर का अळंबी?" ते एकदम चिडले. त्यांना इतकं चिडलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

"वाईट कामून म्हणायलास? उंदराचे दात वाढत राहतेत. घासले न्हाईत तर त्याचंच तोंड बंद हुतं. आन् अळंबी नसती तर जंगलात मेलेली झाडं कुठं ठिवला असतास, तुझ्या दफ्तरात? उंदीर अळंबी बी खातो, मी बघितलोय. त्यांचं त्यांचं चालू हाय. वाईट कोण ते सांगतो तुला. अळंबीचं लाकूड जो उंदराचं म्हणून खपवतो, तो वाईट. त्याला काय म्हणायचं ते माझ्या जिभंवर यायलंय, पण आज जुम्मा हाय."

वखारीची एक रीत होती आणि ती लाडलेसाबांनीच बसवलेली होती. चांगल्या ओंडक्यावर गेरूचा ठिपका. उंदराच्या ओंडक्यावर गेरूची एक रेघ, म्हणजे वरचं तासून वापरावा. अळंबीच्या ओंडक्यावर चुन्याची फुली, म्हणजे बांधकामाला द्यायचा नाही, गुऱ्हाळाच्या चुलवाणात घालायचा. संध्याकाळी मी वहीतलं पान मोठ्याने वाचून दाखवायचो. नग एक, उंदीर. नग दोन, चांगला. ते डोळे मिटून ऐकायचे, चुकलं तर थांबवायचे. तीस-तीस ओंडके त्यांच्या ध्यानात असत. वाचून झालं की ते पानाखाली अंगठा द्यायचे. वाचल्याशिवाय अंगठा नाही. "मी आंधळा हाय कागदाला," म्हणायचे. "तू माझे डोळे."

हे वाक्य मी साठ वर्षं कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी त्या गावच्या शाळेच्या छताला नऊ तुळया हव्या होत्या. काम त्याच गुत्तेदाराकडे. चांगला सागवान वखारीवर नव्याने आलेल्या रेंजरसाहेबांनी आपल्या ओळखीच्यांच्या घरांना आधीच वाटून टाकला होता. उरलेल्यातले नऊ लांब नग गुत्तेदाराने निवडून बाजूला काढले, कारण दिसायला ते सरळ होते. लाडलेसाब प्रत्येकाच्या तोंडाशी बसले. नऊ वेळा मी ठोकळा मारला, नऊ वेळा ते म्हणाले, "अळंबी." नऊ फुल्या मारल्या. मी नऊ वेळा अळंबी लिहिलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला.

दुसऱ्या दिवशी रेंजरसाहेबांनी मला आत बोलावलं. गुत्तेदार खुर्चीत बसला होता.

"मुन्शी, ते नऊ नग उंदराचे आहेत."

"साहेब, चाचा अळंबी म्हणालेत."

"मी काय म्हणालो ते ऐकलंस ना?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुझा कायमचा कागद या आठवड्यात वर जायचाय. जाऊ दे ना?"

गुत्तेदार माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरगं हुशार हाय, साहेब. आमच्याच लोकांतलं हाय."

मी पान फाडलं. दुसऱ्या पानावर त्याच तारखेला, त्याच अक्षरात, नऊ वेळा उंदीर लिहिलं. मग बाहेर गेलो. लाडलेसाब थप्पी मोजत होते.

"चाचा, कालच्या पानावर शाई सांडली. पुन्हा अंगठा लागतोय."

त्यांनी हाताचा गेरू लुंगीला पुसला. "वाच," म्हणाले.

"कालचंच हाय चाचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अंगठा पुढे केला.

दोन दिवसांनी साहेबांनी त्यांना जंगलात तोड बघायला पाठवलं. तेवढ्यात फुल्या धुतल्या गेल्या, रेघा ओढल्या गेल्या, नग गेले. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "ते नऊ कुठं गेले?" मी म्हणालो, "चुलवाणाला." माझा कायमचा हुकूम त्याच महिन्यात आला. अप्पांनी पेढे वाटले. लाडलेसाबांनाही पेढा दिला मी. त्यांनी खाल्ला.

माळवदाचं छत म्हणजे तुळयांवर फळ्या आणि वर हातभर माती. एक पावसाळा तुळयांनी काढला. दुसऱ्या वर्षी श्रावणात आठ दिवस झड लागली आणि माती पाणी पिऊन जड झाली. मास्तर होते काशिनाथ म्हणून, तिशीतले. छत गळतंय म्हणून त्यांनी मुलांना भाकरी खायला देवळाच्या ओसरीत पाठवलं आणि भिजू नयेत म्हणून पाट्या गोळा करायला आत गेले. ओसरीतल्या मुलांनी नंतर सांगितलं, काही आवाज आला नाही. छत होतं, मग नव्हतं.

चौकशीला वरून एक अधिकारी आला. झाडाखाली टेबल, टेबलावर माझी वही. लाडलेसाब उभे होते. ते म्हणाले, "मी अळंबी म्हणालो हुतो साहेब. नऊच्या नऊ."

अधिकाऱ्याने मला विचारलं, "हा सांगेल तेच तू लिहायचास?"

"होय साहेब."

"वाचून दाखवायचास?"

"होय साहेब."

"या दिवशीही?"

"होय साहेब."

मग लाडलेसाबांना विचारलं, "अंगठा तुझा?"

"माझा."

"मग?"

लाडलेसाब उत्तर देण्याऐवजी माझ्याकडे वळले. रागावलेले दिसत नव्हते. ते वाट बघत होते. नग तपासताना दुसऱ्या टोकाला कान टेकून बघायचे तशी. मी वहीकडे बघत राहिलो.

त्यांना काढून टाकलं. मास्तरांच्या मरणाची केस काही महिने लोंबकळली आणि सुटली, पण तोवर दुसरा निकाल लागला होता. बाजारात, बसमध्ये, आमच्या दुकानात लोक म्हणायला लागले, "त्यानं मुद्दाम केलं. रझाकाराची जात." हे म्हणणाऱ्यांनी लाडलेसाबांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना एक मुसलमान आणि एक पडलेलं छत एवढं पुरलं. गुत्तेदाराने त्याच गावात दुसरी शाळा बांधायचं काम घेतलं. नारळ फोडताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं मला सांगितलं गेलं.

आता हे वाचून कोणीतरी विचारेल, त्या माणसाने रझाकारांच्या काळात हिंदूंना वाचवलं होतं का? घरात लपवलं होतं का? मी या प्रश्नाला विटलो आहे. नाही वाचवलं. कोणाला लपवलं नाही. त्यांनी लाकूड तपासलं आणि खरं सांगितलं. एका माणसाला निर्दोष ठरवायला एवढं पुरत नसेल तर तो दोष विचारणाऱ्याचा आहे.

आणखी कोणाला वाटेल, म्हातारा आता म्हणेल की अळंबी मीच. तेही मी म्हणणार नाही. अळंबीला पोट असतं. मला भूक नव्हती, अप्पांचं दुकान चालत होतं. मी हे कशासाठी केलं? एका कागदावर 'तात्पुरता' शब्दाच्या जागी 'कायम' यावा म्हणून. अशा माणसाला वखारीत कुठली खूण करायची हे लाडलेसाबांनी मला शिकवलं नाही.

छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं. आमचा भाग म्हैसूरकडे गेला, मी बदली मागून लातूरकडे आलो. जाण्याआधी हुमनाबादला गेलो. लाडलेसाब मुलीकडे राहत होते, बाजेचे पाय तासून विकत होते. मी दारात उभा राहिलो तरी त्यांचा रंधा थांबला नाही.

"ये मुन्शी. बस."

मी बसलो. बराच वेळ भलतंच काही बोललो. मग म्हणालो, "चाचा, तो अंगठा..."

"ठाऊक हाय मला. तू वाचला न्हाईस तवाच समजलं."

"मग दिलात कामून?"

"तू मागितलास." रंधा एकदा पुढे गेला. "माझं पोरगं असतं तुझ्याएवढं तर त्याला बी दिला असतो. त्यात काय."

मी माफी मागितली. त्यांनी रंधा खाली ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच आवाज चढवला.

"माफी काय मी खाऊ? कागद दे. उर्दूत दे, मराठीत दे, कानडीत दे. ह्या पोरीच्या लेकरांना गल्लीत रझाकाराची पोरं म्हणायलेत. लिहून दे का लाडलेसाब अळंबी म्हणाला हुता. एवढंच. माझी नोकरी नको, पगार नको. कागद दे."

मी म्हणालो, "चाचा, आत्ता राज्यं बदलायलीत. चौकशी निघाली तर मला तिकडं घेणार न्हाईत. जरा थांबा. एकदा तिकडं बस्तान बसलं की लिहितो."

त्यांनी रंधा पुन्हा हातात घेतला. मुलगी चहा घेऊन आली. "पी," म्हणाले, "आन् जा. परत यायचं तर कागद घेऊन ये."

माझं बस्तान बसलं. बढती झाली. लग्न, मुलं, घर, पेन्शन. दर वर्षी मनाशी म्हणायचो, या वर्षी लिहू. हुमनाबादहून आल्यावर दोन वर्षांनी भालकीचा एक गाडीवाला लातूरच्या बाजारात भेटला. बोलता बोलता म्हणाला, लाडलेचाचा गेले की, झालं वर्ष. मी घरी आलो आणि कोणाला काही न सांगता जेवलो.

त्यांच्या मुलीचा नातू हुमनाबादला मोटारी दुरुस्त करतो, एवढं शोधून काढलं आहे. त्याला हा कागद पाठवतो आहे. एक प्रत स्मरणिका काढणाऱ्यांना. छापलं नाही तर पुन्हा पाठवीन.

शाळेसाठी निवडलेले सागवानाचे नऊ नग लाडलेसाबांनी तपासले आणि नऊच्या नऊ अळंबीचे म्हणून नाकारले. ते पान मी फाडलं. खोटं पान मी लिहिलं. वाचून न दाखवता अंगठा मी घेतला. चौकशीत खोटं मी बोललो. काशिनाथ मास्तरांच्या मृत्यूला तीन माणसं जबाबदार आहेत. गुत्तेदार, रेंजर आणि मी. पहिले दोघे मेले. मी अजून आहे, ज्याला विचारायचं आहे त्याने येऊन विचारावं. चौथा कोणी नव्हता.